मिरची भाजायच्या दिवशी मला सर्दी झाली

वडवणीला माझी बदली झाली तेव्हा खोली शोधताना मी दोनच गोष्टी विचारायचे. पाणी किती दिवसांनी येतं आणि घरमालक कसे आहेत. पेठेत किराणा दुकान असलेल्या एका लिंगायत कुटुंबाने मला घरामागची खोली दिली. पाणी आठ दिवसांनी येत होतं. घरमालकांबद्दल मात्र गावात कुणी वाकडा शब्द बोललं नाही, म्हणून मी सामान उतरवलं.

माझं सासर आष्टीकडे. नवरा तिथे शेती बघतो, मुलगी नगरला शिकत होती. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. आठवडाभर वडवणी, आणि शनिवारी शाळा सुटली की आधी बीडची गाडी आणि तिथून आष्टीची, असा माझा क्रम होता.

मालकांच्या घरात चार माणसं होती. अप्पा आणि त्यांचा मुलगा दुकान बघत. घरी काकू आणि सून. सून चोवीस-पंचवीस वर्षांची, लिंबागणेशच्या बाजूची, लग्नाला तीन वर्षं झालेली. सगळे मला 'बाई' म्हणत, सूनसुद्धा. संध्याकाळी भाकरी टाकून झाल्या की ती माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसायची आणि आम्ही चहा प्यायचो. मला घरची आठवण यायची त्या वेळेला ती नेमकी यायची, हे तिला ठाऊक नव्हतं.

काकू साठीच्या. ठेंगण्या, कपाळावर विभूती, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. फार बोलत नसत. पण त्या घरात त्यांच्या नाकाला मोठा मान होता. दुकानात नवा माल घ्यायचा असला की अप्पा आधी पुड्या घरी पाठवत. धने, जिरं, हिंग, तूरडाळ, गूळ. काकू पुडी उघडून नाकाशी धरत आणि "घ्या" किंवा "नगं" एवढंच म्हणत. अप्पांनी त्यावर कधी वाद घातल्याचं मला आठवत नाही. पेठेतल्या बायकाही उन्हाळ्यात मिरची घ्यायला काकूंबरोबर जात, आणि काकू ज्या पोत्याची घेतील त्याच पोत्याची घेत. हे सगळं मला सुनेने सांगितलं होतं.

मला तिथे जाऊन महिनाही झाला नव्हता. एका सकाळी शाळेची तयारी करत असताना करपट वास आला. मला वाटलं, माझ्याच स्टोव्हवर काही राहिलं. पाहिलं तर तसं काही नव्हतं. धावत मालकांच्या स्वयंपाकघरात गेले. काकू गॅसपासून दोन हातांवर बसून शेंगा फोडत होत्या आणि त्यांच्या पाठीमागे दुधाचं पातेलं तळाशी काळं झालं होतं. धूर निघत होता.

"काकू! दूध!"

त्या दचकून वळल्या. पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गॅस बंद केला. सून देवळात गेली होती, अप्पा आणि मुलगा दुकानात. काकूंनी आधी दाराकडे पाहून कुणी नाही ना याची खात्री केली.

"बाई, येवढं कुणाला बोलू नका."

"दूध करपतंच काकू कधीतरी. त्यात काय?"

"दुधाचं न्हाई." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मला वास येत न्हाई. कोरोनात गेला त्यो माघारी आलाच न्हाई. वरीस होऊन गेलं."

डॉक्टरांना दाखवलं का, असं मी विचारलं. बीडच्या डॉक्टरांनी "येईल हळूहळू" म्हणून सांगितलं होतं, आणि अप्पांना काकूंनी सांगितलं होतं की आला. का, तर घरात आधीच आजारपणाने सगळे घाबरलेले होते. आणि एकदा आला म्हटल्यावर पुन्हा गेला कसं म्हणायचं?

"मग पुड्या येतात त्यांचं काय करता?"

"हातानं बघती, डोळ्यानं बघती. दातानं फोडून बघती. बाकी देवावर." त्या जराशा हसल्या. "आतापत्तूर निभलं."

कुणाला सांगणार नाही असा मी शब्द दिला, आणि त्या दिवसापासून वास घ्यायचं काम थोडं माझ्याकडे आलं. अप्पांकडून पुडी आली की काकू म्हणायच्या, "ठिवा, मग बघते." आणि मी शाळेतून आले की ती पुडी पदराखाली धरून माझ्या खोलीत यायच्या. मी वास घ्यायची आणि त्या प्रश्न विचारायच्या. "मातीचा येतो का?" "घशात उतरतो का नाकातच राहतो?" "तेलकट हाय का कोरडा?" मला आधी काहीच सांगता येत नसे. धन्याचा वास म्हणजे धन्याचा वास, त्यात आणखी काय सांगायचं, असं वाटायचं. मग हळूहळू कळू लागलं. जुन्या धन्याला पोत्याचा वास लागतो. भेसळीच्या हिंगाचा वास आधी जोरात येतो आणि लगेच मरतो. चाळिशीत येऊन मी नाक वापरायला शिकले.

त्याच पावसाळ्यात काकूंनी परसात मिरची लावली. आधी कधी लावली नव्हती, दर उन्हाळ्याला बाजारातूनच आणायच्या. घरच्यांना त्यांनी सांगितलं की बाजारच्या मिरचीवर लई फवारे मारतात. खरं कारण मला वाफा करताना सांगितलं.

"मिरची घेताना पोत्यात हात घालून मूठ नाकाला लावावी लागती. चार बाया माझ्या तोंडाकडं बघत असत्यात. मी काय सांगू त्यांना? घरची लावली म्हंजे मंग बाजारात जायचंच काम न्हाई."

आणि आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती ऐकून मला आश्चर्य वाटलं. मिरची एकटीच त्यांच्या नाकाला अजून कळत होती. वास येत नसे, पण हुंगली की नाकात झोंबायचं, शिंक यायची, डोळ्यांत पाणी यायचं. "जेवन म्हंजे नुसतं खारट न् तिखट झालंय बाई. गूळ तोंडात टाकला तर गोड लागतो, पर गुळासारखा लागत न्हाई. मिरची तेवढी मिरचीवानी लागती."

मागच्या वर्षी तिखट करताना खाली पडलेलं बी त्यांनी एका पुडीत ठेवलं होतं. दोन जातींचं, एक तिखटपणाला आणि एक रंगाला. राख मिसळून वाफ्यात टाकलं. रोपं वीतभर झाल्यावर न्हाणीच्या सांडपाण्याच्या कडेने ओळीत लावली. चाळीसेक असतील. दुकानात मीठ न्यायला येणाऱ्या एका धनगर बाईने मेंढ्यांच्या लेंड्या दोन पाट्या भरून आणून टाकल्या, काकूंनी तिला तिखट द्यायचं कबूल केलं. पाणी आठ दिवसांनी येणारं, त्यामुळे भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, आंघोळीचं बिनसाबणाचं, सगळं पाणी मिरचीला. मीसुद्धा माझी बादली तिथेच रिकामी करू लागले.

श्रावणात पानं आवळून वाटीसारखी झाली. काकू त्याला बोकड्या म्हणत. सहा रोपं उपटून लांब नेऊन टाकली आणि उरलेल्यांवर आंबट ताक आणि निंबोळीचं पाणी मारलं. दसऱ्याला झाडं मिरच्यांनी लगडली. सुनेला ठेचा आवडायचा, पण काकू हिरव्या मिरच्या मोजून द्यायच्या. "लाल होऊ दे. तिखट करायचं हाय." सून माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची आणि मी शाळेतून येताना तिच्यासाठी बाजारातून हिरव्या मिरच्या आणायची.

त्या दिवसांत सासू-सुनेत काहीतरी बिनसत चाललं होतं. मोठी भांडणं नव्हती. काकू मूळच्या कडक नव्हत्या, पण स्वयंपाकघरात फार कडक झाल्या होत्या. सकाळची आमटी संध्याकाळी ठेवलेली दिसली की टाकून द्यायला लावत. "नासलीय ती." सून म्हणायची, "आत्याबाई, आत्ता तर गरम केली." "टाक म्हनलं ना." एकदा सून अख्खं पातेलं घेऊन परसात उभी होती. मला दाखवून म्हणाली, "बाई, तुमीच सांगा, हिला वास येतोय का?" आमटी चांगली होती. मला कारण माहीत होतं. खराब झालेलं ओळखू येणार नाही या भीतीने काकू चांगलंही टाकत होत्या. पण मी शब्द दिला होता. मी म्हणाले, "जाऊ दे गं, म्हाताऱ्या माणसांचं असतं." सून आत गेली. मला ते वाक्य आजही टोचतं.

मार्गशीर्षापासून आम्ही लाल मिरच्या तोडू लागलो. आठ-दहा दिवसांनी एक तोडणी. गच्चीवर जुनी साडी अंथरून त्यावर पसरायच्या, दुपारी हलवायच्या, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकायच्या. पहिले दोन दिवस त्या लिबलिबीत दिसतात, मग सुरकुततात. पुरत्या वाळल्या की हलवताना आतलं बी खुळखुळतं. काकू गच्चीवर बसून एकेक मिरची कानाजवळ हलवून बघत. वाळलेली एका पाटीत, ओलसर दुसऱ्या. ते त्यांना बरोबर जमायचं.

माघात एकदा आभाळ आलं. तीन-चार दिवस ऊन नाही, मधेच भुरभुर. नेमकं तेव्हाच मला प्रशिक्षणाला तीन दिवस बीडला जावं लागलं. शेवटच्या दोन तोडण्यांची मिरची पुरती वाळली नव्हती. काकूंनी ती गच्चीवरून खाली आणून जिन्याखाली प्लास्टिकच्या कागदात झाकून ठेवली.

मी परत आले त्या संध्याकाळी काकू जिन्यापाशी माझी वाटच पाहत होत्या. मी पिशवीही ठेवली नव्हती.

"बाई, जरा हिकडं या."

कागद उचलला आणि मला लगेच कळलं. पावसात भिजलेल्या चटईचा येतो तसा कोंदट वास. खालच्या मिरच्यांच्या देठाशी पांढुरकं धरलं होतं.

"काकू, ही गेली. बुरशी आलीय. वरची जरा बरी आहे, पण खालची टाकावी लागेल."

"नक्की?"

"नक्की."

काकूंनी मान डोलावली आणि पाटी ओढली. त्याच वेळी स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"मी काल हेच सांगितलं होतं."

सून दारात उभी होती. हात पिठाचे. तिने आदल्या दिवशी सांगितलं होतं, 'आत्याबाई, मिरचीला वास येतोय', आणि काकू तिच्यावर वसकल्या होत्या. 'कशाचा वास? मला तर काय येत न्हाई.' त्या शब्दांत काकू खोटं बोलल्या नव्हत्या, पण सुनेला ते कसं कळणार?

"मी सांगितलं तर वास न्हाई," सून म्हणाली. "बाईंनी सांगितलं तर लगेच पाटी काढली. कावून? मी या घरातली न्हाई का?"

काकू खाली बघून मिरच्या निवडत राहिल्या. सून आत गेली.

त्यानंतर ती माझ्या उंबऱ्यावर आली नाही. समोर दिसली तर "जेवलात का बाई?" एवढं विचारायची, उत्तर ऐकायला थांबायची नाही. मी एकटीच चहा करायची आणि अर्धा ओतून द्यायची. चार दिवसांनी काकू पुडी घेऊन आल्या तेव्हा मी ती हातात घेतली नाही.

"काकू, सांगून टाका आता."

"कुणाला?"

"सुनेला. तिला वाटतंय तुम्ही तिला काडीची किंमत देत नाही."

"काय सांगू? सासूला नाकच न्हाई म्हून?" त्या खाटेवर बसल्या. "बाई, मी हितं आले तवा सोळा वर्षांची होते. माझी सासू मला सैपाकघरात उभी करत नव्हती. एक दिवस दुकानात गुळाची ढेप आली. मी म्हनलं, हिला वास हाय. कुणी ऐकलं न्हाई. ढेप फोडली तर आतून सडलेली. तवापासून मला या घरात इचारायला लागले. आता त्येच गेलं म्हनल्यावर माझं काय राहिलं?"

मी पुडी उघडून वास घेतला आणि चांगली आहे म्हणून सांगितलं.

शिवरात्र झाली. ऊन तापलं. उरलेली मिरची पुन्हा दोन दिवस कडकडीत वाळवली. देठ खुडायला आम्ही तिघी बसलो, पण बोलणं फक्त कामापुरतं. देठ खुडताना बोटं पेटतात, म्हणून काकूंनी आधी सगळ्यांच्या हातांना गोडेतेल लावलं. पाचेक किलो भरली. मग रविवारी भाजायचं ठरलं, मी त्या आठवड्यात गावी जाणार नव्हते.

आमच्याकडे काही जणी मिरची न भाजताच कांडपाला देतात. काकू किंचित भाजायच्या. परसातल्या चुलीवर लोखंडी कढई, मंद जाळ, तेलाचे चार थेंब, एका वेळी दोन मुठी मिरची. ती हलवत राहायचं. खरं कौशल्य ती कधी उतरवायची यात असतं. आधी नुसता ठसका उठतो. मग भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारा गोडसर वास येतो. तो आला की लगेच उतरवायची, कारण दहा-बारा उलथण्यांत तो वास करपट होतो आणि तिखट कडू होतं. डोळ्यांना हा फरक नीट दिसत नाही, कारण लाल मिरची धुरात सगळी सारखीच काळपट दिसते. हे काम नाकाचं.

काकूंनी चूल पेटवली आणि मला हाक मारली. "बाई, या बसा."

मी खोलीतून निघाले तेव्हा माझ्या डोक्यात काही नव्हतं. दारातून पाहिलं तर सून नळावर भांडी घासत होती, आमच्याकडे पाठ करून. ती मुद्दाम पाठ करून बसली होती, हे दिसत होतं. मी तिथेच थांबले आणि पदर नाकाला लावला.

"काकू, मला रात्रीपासून सर्दी झालीय. नाक पार बंद आहे. मला काही वास येणार नाही."

मी धडधाकट होते. शाळेत मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारी मी, त्या दिवशी वर दोनदा नाकही ओढून दाखवलं.

काकूंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. सकाळी त्यांच्याच घरी मी चहात आलं जास्त झालंय म्हणाले होते. त्यांना कळलं असणारच. कढई तापत होती.

"मग पुढल्या रविवारी भाजू," त्या म्हणाल्या.

"पुढच्या रविवारी मी गावी आहे."

चुलीत एक काटकी फुटली. काकूंनी कढई खाली उतरवली नाही. त्यांनी नळाकडे तोंड केलं.

"अगं, हिकडं ये. भांडी राहू दे."

सून हात पुसत आली.

"बस हितं. तुला वास घ्यायचाय. मिरची कवा उतरवायची ते तू सांगायचं."

"मी?" सून माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई हायत की."

"बाईंना सर्दी झालीय." काकू थांबल्या. "आन् मला दोन वरसं होत आली, वास येत न्हाई. कोरोनापासून. कसलाच येत न्हाई."

सून उभीच राहिली. मी खोलीत जायला हवं होतं, पण गेले नाही.

"कसलाच न्हाई?"

"न्हाई."

"मग दिवाळीला माझी चकली? तुमी म्हनलात, वास सगळ्या आळीत गेलाय."

काकूंनी चुलीतलं लाकूड जरा मागे ओढलं.

"आन् ती आमटी? पातेलंच्या पातेलं टाकायला लावलं तुमी. चांगली होती ती! मी तीन दिवस रडले, माझ्या हातचं आवडत न्हाई म्हून."

"मला भ्या वाटायचं," काकू म्हणाल्या. "नासलेलं कुणाच्या पोटात गेलं तर? मला कळतच न्हाई, मग टाकलेलं बरं."

"मला सांगायचं की."

"कसं सांगू?"

सुनेचे डोळे भरून आले होते. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, आता ती मलाही विचारणार. तिने विचारलंच.

"तुमाला म्हाईत होतं बाई?"

"हो."

"म्हून पुड्या घिऊन तुमच्या खोलीत."

"हो."

ती काकूंशेजारी पाटावर बसली. राग गेला होता असं नाही. तिने कढईत मिरची टाकली आणि उलथणं हातात घेतलं. ठसका उठला. तिघींना एकदमच शिंका आल्या, काकूंना सगळ्यांत जोरात. आळीतल्या कुणीतरी भिंतीपलीकडून ओरडलं, "आगं, कळवून भाजा की!" सून शिंकता शिंकता हसायला लागली. काकू डोळे पुसत होत्या, मिरचीने की कशाने ते सांगता येणार नाही.

"आता काय येतंय?" काकूंनी विचारलं.

"धूर येतोय."

"त्याच्या खाली?"

सून जराशी वाकली. "गोड येतंय. शेंगदाण्यावानी."

"उतरव."

पहिला घाणा उतरला, मग दुसरा. तिसऱ्याला सून बोलता बोलता विसरली आणि मिरची काळी झाली. तिने जीभ चावली, काकू काही बोलल्या नाहीत, ती बाजूला काढून ठेवली. चौथ्यापासून काकूंना विचारायची गरज राहिली नाही. मी मधेच "नाक मोकळं झालं वाटतं" म्हणून जवळ जाऊन बसले, तर दोघी एकदम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता कशाला?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कांडपावर गेले, तेव्हा दोघी आधीच रांगेत होत्या. यंत्राचे जाड दांडे धबधब खालीवर होत होते, उघड्या दारातून लाल धूळ बाहेर येत होती. प्रत्येकीच्या नाकाला पदर. आमचा नंबर आला तेव्हा काकू आत जाऊन उभ्या राहिल्या, पदराशिवाय. कांडपवाला म्हणाला, "मावशी, भायेर थांबा, लागंल." काकू म्हणाल्या, "लागू दे." मला वाटतं, त्या नाकात काहीतरी कळावं म्हणूनच उभ्या होत्या.

तिखट गरम असतं. तसंच डब्यात भरलं तर आतून घाम सुटतो आणि गोळे होतात. घरी आणून ते सुती धोतरावर पसरून गार होऊ दिलं. मग मीठ मिसळून, मधे मधे हिंगाचे खडे ठेवत बरणीत दाबून भरलं. एक पिशवी धनगर बाईला, एक काकूंच्या सासरी असलेल्या लेकीला, एक मला. मी ते तिखट आष्टीला नेलं. नवऱ्याने भाकरीवर तेल घालून खाल्लं, पाणी प्यायला आणि पुन्हा थोडं घेतलं.

अप्पांना काकूंनी त्याच आठवड्यात सांगितलं. कसं सांगितलं ते मला माहीत नाही. अप्पा दोन दिवस जरा गंभीर होते. मग एका दुपारी दुकानातून जिऱ्याची पुडी आली आणि अप्पांनी सांगून पाठवलं होतं की दोघींनी मिळून बघा. सून वास घ्यायची आणि काकू विचारायच्या. कधी कधी दोघींचं जमायचं नाही. सून म्हणायची चांगलं आहे, काकू दातांनी फोडून म्हणायच्या जुनं आहे. मग पुडी माझ्याकडे यायची, आता पदराखालून नाही, उघड. सून पुन्हा उंबऱ्यावर चहाला येऊ लागली. 'म्हाताऱ्या माणसांचं असतं' या वाक्याबद्दल मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुमी काय करणार? शब्द दिला होता." पण तिने ते हसून टाळलं नाही, हे मला बरं वाटलं.

मी वडवणीत आणखी दोन वर्षं राहिले. त्या काळात काकूंना अधूनमधून वास यायला लागला, पण विचित्र. कांदा परतला की जळक्या प्लास्टिकचा. अगरबत्तीचा रॉकेलसारखा. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. काकू म्हणाल्या, "असला यायचा तर न आलेला बरा." पुढे तो विचित्र वासही कमी झाला आणि त्याच्या जागी नीटसं काही आलं नाही. मिरची मात्र दर पावसाळ्यात लावली जात राहिली.

मग माझी बदली आष्टीकडे झाली. गेल्या फाल्गुनात एका लग्नाला वडवणीला गेले, तेव्हा वाट वाकडी करून घरी गेले. परसात चूल पेटलेली होती आणि सून एकटीच कढईपाशी होती. तिला मुलगी झालेली, पाच महिन्यांची. काकू मुलीला घेऊन आतल्या खोलीत बसल्या होत्या. दार बंद, खालच्या फटीला ओलं फडकं लावलेलं, म्हणजे लेकराला ठसका लागायला नको.

मी दाराबाहेरूनच हाक मारली. काकूंनी आवाज ओळखला. म्हणाल्या, "बाई, दार उघडू नका, ही निजलीय. तितंच बसा तिच्यापाशी." मी पाटावर बसले. सून म्हणाली, "दिवसभर मांडीवरच घेऊन बसतात. परवा मला इचारत होत्या, हिच्या टाळूचा वास कसा येतो?"

"मग तू काय सांगितलंस?"

"पैल्यांदा मला सांगताच येईना. मग नाक लावून बघितलं आन् सांगितलं, दुधाचा येतो, खोबरेल तेलाचा येतो, आन् मानेपाशी जरा आंबूस. आत्याबाई म्हनल्या, आंबूस? मग मान नीट पूस तिची."

आतून काकूंचा दबका आवाज आला. "आला का गं वास?"

"न्हाई आजून," सून म्हणाली आणि मिरची हलवत राहिली. थोड्या वेळाने तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मी हो म्हटलं, आणि तिने कढई उतरवली. मी रिकामी पाटी तिच्यापुढे सरकवली.